धुराड्यातला कटिंगभर पारा

आठवीत असताना आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत एक थर्मामीटर फुटला. काचेचा आवाज झाला आणि शहाबादी फरशीवर चांदीचे मणी धावायला लागले. बोट लावलं की एकाचे चार व्हायचे, चार एकत्र आले की पुन्हा एक. आम्ही सगळे गुडघ्यांवर बसून तो खेळ बघत होतो, तोवर सर ओरडले, "हात लावू नका रे कुणी!" त्यांनी कपाटातून पिवळ्या पुडीची बाटली काढली आणि फरशीच्या सांध्यांमध्ये गेलेल्या पाऱ्यावर गंधक पसरलं. दुसऱ्या दिवशी ब्रशनं सगळं गोळा केलं, तर त्यातले काही मणी काळपट पडले होते आणि पळायचे थांबले होते. "पाऱ्याला धरून ठेवणारा एकच पाहुणा, गंधक," असं काहीसं सर म्हणाले. ते पूर्ण खरं नव्हतं, पण विजेच्या कारखान्याच्या धुरातून पारा कसा काढतात हे पुढे वाचायला लागलो, तेव्हा ती पिवळी पुडी सारखी आठवत राहिली.

धुरात पारा आला कुठून? कोळशातून. कोळसा म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या दलदलीतली झाडं, आणि त्या चिखलात जे काही विरघळून आलं ते सगळं त्यात दडपलं गेलं. पाऱ्याचं प्रमाण नगण्य असतं. खाणीखाणीत फरक पडतो, पण हिशेबासाठी टनाला ०.१ ग्रॅम धरायला हरकत नाही. आता ५०० मेगावॉटचा एक संच घ्या. आपल्याकडच्या राखट कोळशावर तो तासाला साडेतीनशे टनांच्या आसपास कोळसा खातो. म्हणजे पारा तासाला ३५ ग्रॅम, दिवसाला ८४० ग्रॅम. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड, त्यामुळे हे ८४० ग्रॅम जेमतेम ६२ मिलिलिटर भरतात. टपरीवरचा एक कटिंग.

हा कटिंग मात्र एका पेल्यात मिळत नाही. त्याच दिवसात त्याच चिमणीतून जवळजवळ पाच कोटी घनमीटर वायू बाहेर पडतो, आणि पारा त्या सगळ्यात विखुरलेला असतो. घनमीटरमागे सतरा-अठरा मायक्रोग्रॅम. रेणूंच्या भाषेत सांगायचं तर शंभर कोटी रेणूंमागे पाऱ्याचे दोन अणू. भारताच्या एकशे चाळीस कोटी लोकांमधून तीन माणसं हुडकायची, तीही धावत्या गर्दीतून, एक-दोन सेकंदांत. काम एवढं आहे.

राख पकडायला चिमणीच्या आधी ईएसपी बसवलेला असतो. विजेचा भार देऊन राखेचे कण पत्र्यांकडे ओढून घेणारं हे यंत्र आपल्या कामात वाकबगार आहे. चांगला चालला तर शंभरातली नव्व्याण्णवाहून जास्त राख तो धरतो. पण पारा ३५७ अंशांनाच उकळतो, आणि भट्टीतलं तापमान चौदाशेच्या घरात. तिथे त्याची सरळ वाफ होते, सुट्या अणूंची. पुढे वायू थंड होत जातो तसे या अणूंचे तीन मार्ग होतात. काही राखेच्या कणांना चिकटतात, ते ईएसपीत सापडतात. काहींना कोळशातलं क्लोरीन गाठतं आणि पाऱ्याचं क्लोराइड बनतं. ते पाण्यात विरघळतं, त्यामुळे गंधकाचे वायू धुऊन काढणारं ओलं यंत्र बसवलेलं असेल तर त्यात पकडलं जातं. उरलेले सुट्या अवस्थेतच राहतात. त्यांना पाणी नको, विजेचा भार नको, कुणाशी देणंघेणं नको. ते चिमणीतून वर जातात आणि काही महिने वाऱ्याबरोबर हिंडत राहतात. कोळशात क्लोरीन कमी असलं की हा तिसरा गट मोठा होतो, आणि आपल्या बहुतेक कोळशात ते कमीच असतं.

एवढ्याशा पाऱ्यासाठी एवढी खटपट का, याचं उत्तर जपानच्या मिनामाता गावानं दिलेलं आहे. तिथे चिस्सो नावाच्या कंपनीचा कारखाना ॲसिटाल्डिहाइड बनवायला पाऱ्याचं संयुग वापरायचा आणि सांडपाणी खाडीत सोडायचा. आधी गावातली मांजरं नाचल्यासारखी वेडीवाकडी धावून मरायला लागली. मग कोळ्यांच्या घरांतली माणसं. हात थरथरणं, नजर आक्रसणं, बोलणं तुटणं. १९५६ साली या आजाराची अधिकृत नोंद झाली. कारखान्याचं ते उत्पादन थांबायला १९६८ उजाडलं. मधली बारा वर्षं काय चाललं होतं हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, आणि तो वाचून संताप येतो. इथे महत्त्वाचं एवढंच की पाण्यातले जिवाणू पाऱ्याचं मिथाइल पारा नावाचं संयुग करतात. ते शेवाळापासून छोट्या माशात, छोट्यातून मोठ्यात असं साठत साठत मूळ पाण्याच्या लाखो पटींनी वाढतं. म्हणून दुसऱ्या माशांवर जगणाऱ्या मोरीसारख्या माशांत पारा जास्त सापडतो, आणि गरोदर बायकांना असे मासे बेतानं खायला सांगतात. हवेतला पाराही पावसाबरोबर शेवटी पाण्यातच उतरतो. त्याच गावाच्या नावानं झालेला मिनामाता करार २०१३ साली मांडला गेला, १६ ऑगस्ट २०१७ ला अमलात आला, आणि भारतानं २०१८ मध्ये त्याला मंजुरी दिली. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागानं २०१५ या वर्षासाठी काढलेल्या अंदाजानुसार माणसाच्या उद्योगांतून हवेत वर्षाला सुमारे २,२०० टन पारा जातो. त्यात सगळ्यात मोठा वाटा छोट्या सोन्याच्या खाणींचा आहे. कोळसा जाळण्याचा वाटा साधारण पाचवा.

आता कोळशातून आलेला पारा पकडायला पुन्हा कोळसाच, फक्त दुसऱ्या जातीचा.

कोकणात करवंटीचा कोळसा इस्त्रीत घालायचे, कारण तो कडक असतो आणि निखारा बराच वेळ टिकतो. करवंटी झाकणबंद पिंपात तापवली की आधी पांढरा, ओला धूर येतो, मग डोळ्यांना झोंबणारा पिवळट, आणि शेवटी अगदी विरळ निळसर. तो निळा झाला की पिंप बंद करायचं. उरतो तो कोळसा. अजून त्याची भोकं बुजलेलीच असतात, डांबरासारख्या उरल्यासुरल्या द्रव्यानं. मग त्याला आठशे-नऊशे अंशांवर वाफेत ठेवतात. त्या तापमानाला वाफ कोळशातला कार्बन कुरतडते. कार्बनचा एक अणू पाण्यातल्या ऑक्सिजनबरोबर कार्बन मोनॉक्साइड होऊन निघून जातो, त्याची जागा मोकळी राहते. असे कोटी-कोटी अणू गेले की आत सगळ्या दिशांनी बिळं तयार होतात, काही इतकी बारीक की केसाच्या जाडीत त्यांच्यासारखी पन्नास हजार मावतील. यालाच सक्रिय कोळसा म्हणतात, बाजारात ॲक्टिव्हेटेड कार्बन. घरच्या पाण्याच्या फिल्टरमध्ये जी काळी कांडी असते, ती बहुतेक वेळा करवंटीच्या याच कोळशाची असते.

या बिळांच्या भिंतींचं क्षेत्रफळ मोजलं तर एका ग्रॅममध्ये सहाशे ते हजार चौरस मीटर निघतं. शेतकऱ्याच्या मापात सांगायचं तर चिमूटभर पुडीत सहा ते दहा गुंठे जमीन. वायूचे रेणू या जमिनीवर येऊन बसतात. कोळसा वायू शोषतो हे स्वीडनच्या शेले यानं १७७३ मध्येच पाहिलं होतं, आणि १७८५ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या लोविट्झनं कोळशानं द्रावणाचा रंग काढता येतो हे दाखवलं. पण कोळशाचा हा गुण मोठ्या प्रमाणावर कामाला आला पहिल्या महायुद्धात. १९१५ साली ईप्रच्या आघाडीवर जर्मनांनी क्लोरीन सोडलं, त्याच वर्षी रशियात झेलिन्स्की यांनी कोळशाचा मुखवटा बनवला. १९१८ मध्ये अमेरिकेत मुखवट्यांसाठी पीच फळाच्या कोया गोळा करायची मोहीम निघाली, आणि शाळकरी पोरं घरोघरी फिरून कोया जमवत होती. कोय आणि करवंटी या दोन्हींत लिग्निन भरपूर, म्हणून त्यांचा कोळसा घट्ट आणि बारीक छिद्रांचा होतो.

इतकं वाचल्यावर कुणालाही वाटेल की काम झालं. धुरात करवंटीच्या कोळशाची पूड उडवा, पारा दहा गुंठ्यांवर जाऊन बसेल. मलाही तसंच वाटलं होतं. प्रत्यक्षात साध्या कोळशावर पारा टिकत नाही. चिमणीच्या आधी वायू १३०-१५० अंशांचा असतो. त्या उष्णतेत सुटा पाऱ्याचा अणू भिंतीवर येतो, क्षणभर थबकतो आणि उडून जातो. संस्कृतात पाऱ्याला चपल म्हणतात ते उगाच नाही. त्याला बसायला जागा देऊन भागत नाही, त्याला बांधावं लागतं.

बांधायची युक्ती आपल्या रसशास्त्राला फार जुनी माहीत आहे. खलात पारा आणि गंधक घालून घोटत बसायचं, तासन्‌तास, कधी कधी कित्येक दिवस. चकाकणारा पारा हळूहळू नाहीसा होतो आणि काजळासारखी काळी पूड उरते. तिचं नाव कज्जली. ती तयार झाली की नाही याची परीक्षाही नेमकी होती. उन्हात धरली तर पाऱ्याचा एकही कण चमकता कामा नये, म्हणजे ती निश्चंद्र झाली. रसायनाच्या भाषेत ते पाऱ्याचं सल्फाइड, खाणीतल्या हिंगुळाचंच काळं भावंड. (कज्जली औषध म्हणून घ्यावी की नाही यावर मी काही बोलत नाही, इथे मला तिचं फक्त रसायन हवं आहे.) आमच्या सरांची पिवळी पुडी हेच काम करत होती, घोटल्याशिवाय जमेल तेवढं.

तर मग कोळशाच्या बिळांत आधीच गंधक भरून ठेवलं तर? असा कोळसा नैसर्गिक वायूच्या कारखान्यांत वापरतात, कारण वायूतला पारा ॲल्युमिनियमची यंत्रं खाऊन टाकतो. तिथे वायू कोळशाने भरलेल्या उंच टाकीतून सावकाश जातो, वेळ भरपूर मिळतो. विजेच्या कारखान्यात वेळ नसतो. पूड पाइपात उडवायची, ती वायूबरोबर वाहत जाणार, आणि दोन-तीन सेकंदांत राखेबरोबर पकडली जाणार. एवढ्या घाईत गंधकापेक्षा ब्रोमीन सरस ठरतं. कोळशाच्या पुडीवर ब्रोमीनच्या मिठाचा हात फिरवला की बिळांच्या तोंडाशी आलेल्या पाऱ्याच्या अणूकडून इलेक्ट्रॉन काढून घेतले जातात. एकदा ते गेले की पारा सुटा राहत नाही, कार्बनच्या कडेला पक्का बांधला जातो. क्लोरीनही हे करतं, जरा कमी जोमानं. म्हणजे कज्जलीचाच धंदा, फक्त पाहुणा वेगळा.

घाईमुळे आणखी एक उलटफेर होतो. जाहिरातीत ज्या कोळशाचे जास्त गुंठे, तो सगळ्यात चांगला असं सांगतात. धुराच्या बाबतीत तसं होत नाही. करवंटीच्या कोळशाची बिळं अतिशय अरुंद असतात, दोन सेकंदांत पारा आतपर्यंत पोचतच नाही. आतले आठ गुंठे पडीक राहतात. त्यापेक्षा कमी गुंठ्यांचा, पण रुंद वाटांचा आणि मैद्यासारखा बारीक दळलेला कोळसा बरा. अमेरिकेत म्हणूनच बरीच वर्षं लिग्नाइट या कच्च्या खनिज कोळशापासून बनवलेली पूड वापरत आले. आणि इथेच शेतातल्या कचऱ्याला संधी आहे. उसाचं चिपाड आडवं कापून भिंगाखाली धरा, पाणी वर नेणाऱ्या नळ्यांची जाळी दिसेल. जाळलं तरी त्या नळ्या तशाच राहतात, कोळशात तयार रस्ते मिळतात. भाताच्या तुसात मात्र मुळातच पंधरा-वीस टक्के वाळू, म्हणजे सिलिका, असते आणि ती कोळशातही बरोबर येते. तिला पारा धरता येत नाही, ती नुसतं वजन वाढवते.

२००१ मध्ये अमेरिकेत अलाबामातल्या गॅस्टन आणि विस्कॉन्सिनमधल्या प्लेझंट प्रेअरी या वीज केंद्रांत सक्रिय कोळशाची पूड पूर्ण आकाराच्या संचांवर उडवून बघितली गेली. पुढची दहा वर्षं अशा चाचण्या चालूच होत्या. डिसेंबर २०११ मध्ये अमेरिकेनं कोळशावरच्या वीज केंद्रांसाठी पाऱ्याची मर्यादा घातली. बहुतेक कोळशांसाठी ती घनमीटरला दीड-दोन मायक्रोग्रॅमच्या आसपास येते.

आपल्याकडे ७ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेत मर्यादा आहे घनमीटरला ०.०३ मिलिग्रॅम, म्हणजे तीस मायक्रोग्रॅम. वरच्या कटिंगच्या हिशेबात सगळाच्या सगळा पारा बाहेर सोडला तरी आकडा येत होता सतरा-अठरा. पाऱ्यासाठी छदामही खर्च न करता पास. ज्यांच्या कोळशात पारा जास्त आहे त्यांना थोडं बघावं लागेल, आणि राख पकडताना काही पारा आपसूक जातोच. पण आपल्याकडे पाऱ्यासाठी कोळशाची पूड कुणी का उडवत नाही, याचं कारण मला तरी रसायनात सापडत नाही, या आकड्यात सापडतं.

एक अडचण मात्र खरी आहे, आणि ती राखेची. पूड राखेतच मिसळते. थंड देशांत काँक्रीटमध्ये हवेचे बारीक बुडबुडे मुद्दाम धरून ठेवतात, म्हणजे आतलं पाणी गोठलं तरी काँक्रीट फुटत नाही. त्यासाठी घातलेलं रसायन हा कोळसा पिऊन टाकतो, आणि राख कुणी विकत घेत नाही. त्यावर तोडगा निघाला, आधी राख पकडा, मग पूड उडवा आणि ती वेगळ्या कापडी पिशव्यांच्या फिल्टरमध्ये धरा. मिशिगनमधल्या मार्केट (Marquette) नावाच्या शहरातल्या प्रेस्क आयल केंद्रात हे मोठ्या प्रमाणावर करून पाहिलं, तेव्हा पिशव्यांखालच्या हॉपरमध्ये साठलेली पूड आतल्या आत धुमसायला लागली. शेवटी कोळसाच तो. तो फार वेळ साठू न देता काढत राहायचं, हे त्यातून शिकले.

आपल्याकडे बरीच राख सिमेंटमध्ये जाते. ती तयार सिमेंटबरोबर दळली तर पारा तिथेच अडकून राहतो. पण कच्च्या मालाबरोबर भट्टीत गेली तर चौदाशे अंशांना पारा पुन्हा वाफ होऊन निघतो, आणि सगळी मेहनत शेजारच्या चिमणीतून बाहेर. भाजलेल्या विटांचंही तेच. न भाजता सिमेंटवर जमवलेल्या राखेच्या विटा बऱ्या.

समजा उद्या आपली मर्यादा अमेरिकेच्या जवळ आली. कोळशाची पूड किती लागेल? घनमीटरला ५० मिलिग्रॅम धरली तर ५०० मेगावॉटच्या संचाला दिवसाला सुमारे २.४ टन, पाऱ्याच्या वजनाच्या तीन हजार पट. नारळाचा हिशेब केला तर टनभर सक्रिय कोळशाला तीनेक टन साधा कोळसा लागतो, आणि टनभर साध्या कोळशाला वीस-तीस हजार नारळांच्या करवंट्या. म्हणजे एका संचासाठी रोज दीड-दोन लाख नारळ फोडायचे. हे काही होणार नाही, आणि करवंटीचा कोळसा पाणी आणि सोनं शुद्ध करणाऱ्यांना जास्त भावानं विकला जातो.

मग उरतो शेतातला कचरा. चंद्रपूरचं महाऔष्णिक केंद्र २,९२० मेगावॉटचं आहे. त्याला याच मापानं दिवसाला चौदा टन पूड लागेल. भोवती कापसाचा पट्टा, यवतमाळ शेजारी. वेचणी संपली की पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, उपटून बांधावर रचतात, थोड्या चुलीत जातात, बाकीच्या काडी लावून देतात. सात-आठ किलो सुक्या पऱ्हाटीमागे एक किलो पूड धरली आणि हेक्टरी दोन टन पऱ्हाटी, तर वर्षाला वीस हजार हेक्टरांचं काम. राज्यात कापूस चाळीस लाख हेक्टरांच्या आसपास असतो. माल म्हणून बघितलं तर पुरून उरेल इतका.

पण पऱ्हाटी ही फांद्या फुटलेली, अंगाला बोचणारी, आकार नसलेली वस्तू आहे. ट्रकभर पऱ्हाटी म्हणजे पाऊण ट्रक हवा. सगळ्यांची एकाच वेळी निघते, हिवाळ्याच्या शेवटी, आणि शेतकऱ्याला रान लवकर मोकळं हवं असतं, बोंडअळीचा मुक्काम तिच्यातच असतो म्हणून आणखी घाई. कारखान्याला मात्र रोज चौदा टन हवेत, श्रावणातही. म्हणून भट्टी शिवारात न्यावी, बांधावरच कोळसा करावा आणि पोत्यात भरून पुढे पाठवावा, असं या कामातले लोक म्हणतात. कोळसा केला की वजन तिसऱ्या हिश्श्यावर येतं. फांद्यांची गुंतागुंतही मोडते, आणि एका ट्रकमध्ये खरोखर ट्रकभर माल जातो.